कुत्रा पुस्तकात नव्हता

भाऊ गेला त्याच्या पाचव्या दिवशी शिक्काबाई शाळेत हजर झाल्या. शिक्काबाई हे नाव मुलांनी ठेवलेलं. ग्रंथालयात येणाऱ्या प्रत्येक नव्या पुस्तकावर त्या तीन ठिकाणी शिक्का मारत: पहिल्या पानावर, शेवटच्या पानावर आणि मधल्या एका ठरलेल्या पानावर, म्हणजे कुणी पहिलं-शेवटचं पान फाडून पुस्तक लांबवलं तरी ओळख पटावी. चोवीस वर्षं हे काम चाललं होतं आणि शाळेच्या हजेरीपटाबाहेर त्यांचं खरं नाव फारसं कुणी घेत नव्हतं.

त्या दिवशी त्यांनी एकशे बारा पुस्तकांवर शिक्के मारले. दुपारच्या सुट्टीत डबा उघडला, खाल्ला, झाकण लावलं. काय खाल्लं ते विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. शिक्षकांच्या खोलीत दोघीतिघी जवळ येऊन बसल्या. एक म्हणाली, "तुम्ही फार धीराच्या आहात हो." बाईंना त्यात धीर कुठे दिसत नव्हता. दाढ काढताना डॉक्टर इंजेक्शन देतात, मग गाल आपलाच असतो पण बोट लावलं की दुसऱ्याचा वाटतो, तसं त्यांचं झालं होतं. फक्त गालाचं नाही, सगळ्याचंच.

दादा त्यांच्याहून सहा वर्षांनी मोठा. दोघांनीही लग्न केलं नव्हतं. त्याचं जमत आलेलं मोडलं आणि हिचं कुणी मनावर घेतलं नाही. आईवडील गेल्यावर दोघं एकाच घरात राहिली ती राहिलीच. दादा सिनेमाच्या थिएटरात मशीन चालवायचा. मशीनच्या खोलीत खडखडाट इतका की पडद्यावरचं बोलणं त्याच्या कानापर्यंत पोचायचंच नाही. छोट्या चौकोनी खिडकीतून त्यानं अर्धं आयुष्य सिनेमे मुके पाहिले. थिएटर बंद पडल्यावर तो घरीच शेजाऱ्यापाजाऱ्यांचे पंखे, मिक्सर दुरुस्त करू लागला, पण जेवायला बसलं की विषय सिनेमाचाच.

"आज काय वाचलंस, धाकटे?" तो विचारायचा. त्या पुस्तक ताटाच्या बाजूला उपडं ठेवून दोन परिच्छेद वाचून दाखवायच्या. मग त्याचं सुरू व्हायचं.

"तुझ्या लेखकानं दीड पान घालवलं. आमच्याकडे एक दार उघडतं. संपलं."

"दार उघडलं ते दिसलं रे. उघडणाऱ्याला काय वाटलं, ते?"

"त्याच्या पाठीवर दिसतं. बघता यायला पाहिजे."

हा वाद तीस वर्षं चालला आणि त्यात कुणीही एक पाऊल मागे घेतलं नाही. मग एका दुपारी जिना चढता चढता दादा मधल्या पायरीवर बसला, वरून येणाऱ्या शेजाऱ्याला म्हणाला, "जरा थांबतो." इस्पितळात पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. बाईंना शाळेतून बोलावून घेतलं तेव्हा त्या परत आलेल्या पुस्तकांची फाटकी पानं चिकटवत होत्या. त्यांनी आधी डिंकाच्या बाटलीचं झाकण लावलं, मग निघाल्या.

शाळेचं नवं वर्ष सुरू झालं आणि दुसऱ्याच महिन्यात सातवीच्या भाषेच्या शिक्षिका बाळंतपणाच्या रजेवर गेल्या. मुख्याध्यापिकांनी शिक्काबाईंना बोलावलं.

"मंगळवार आणि शुक्रवारचा शेवटचा तास तुम्ही घ्या. अवांतर वाचनाचं पुस्तक तेवढं पुरं करायचं. व्याकरण दुसरं कुणीतरी बघेल."

"बरं," बाई म्हणाल्या. कुठल्याही गोष्टीला त्या हल्ली बरं म्हणत.

पुस्तक जुनंच होतं. एक लहान मुलगी आणि तिचे आजोबा. आजोबा रेल्वेच्या फाटकावर काम करतात, दोघं फाटकाजवळच्या एका खोलीच्या घरात राहतात, दिवसातून सहा गाड्या जातात. आजोबा आजारी पडत जातात आणि मुलगी हळूहळू त्यांचं काम शिकते. एवढीच गोष्ट. त्यावर मागे एक सिनेमा निघाला होता आणि तो बराच चालला होता.

पहिल्या तासाला बाईंनी मुलांना तीन प्रकरणं घरी वाचायला सांगितली आणि पुढच्या तासाला एक साधा प्रश्न घातला: या घरात मुलीच्या सर्वात जवळचं कोण, आणि कशावरून? अडतीस उत्तरपत्रिका आल्या. त्यातल्या एकोणतीस जणांनी लिहिलं होतं की मुलीच्या सर्वात जवळचा तिचा कुत्रा.

पुस्तकात कुत्रा नव्हता. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत कुठेही, कुणाचाही, साधा रस्त्याने जाणारासुद्धा नव्हता. कुत्रा सिनेमातला.

बाईंनी ही गोष्ट शिक्षकांच्या खोलीत सांगितली तेव्हा सगळ्यांची हसून पुरेवाट झाली. विज्ञानाचे सर म्हणाले, "एकानं तरी कुत्र्याचं नाव लिहिलं का?" सोळा जणांनी लिहिलं होतं. बाई हसल्या नाहीत. दादाला सांगायला पाहिजे, एवढं त्यांच्या मनात आलं. आलं तसं गेलं, आणि जाताना काही लागलंखुपलं नाही. आपल्याला काही लागत नाही याचीच त्यांना थोडी भीती वाटायला हवी होती, पण तीही वाटली नाही.

दुसरं कुणी असतं तर मुलांना रागावलं असतं आणि सिनेमा बघायचा नाही म्हणून बजावलं असतं. बाईंनी संगणकाच्या खोलीतल्या सहायकाकडून प्रोजेक्टर मागून आणला. पुढच्या मंगळवारी त्यांनी पडदे ओढले, सिनेमाची पहिली दहा मिनिटं लावली आणि थांबवला. मग दिवे लावून पुस्तकाची पहिली चार पानं मोठ्यानं वाचली.

"वहीच्या पानाला मधोमध घडी घाला," त्या म्हणाल्या. "एकीकडे पुस्तक, एकीकडे सिनेमा. काय वेगळं दिसलं ते लिहा."

मुलांनी लिहिलं. पुस्तकात फ्रॉक निळा, सिनेमात पिवळा. पुस्तकात कुत्रा नाही, सिनेमात आहे. पुस्तकात आजोबांना मिशा नाहीत. बाईंनी वह्या घरी नेल्या, टेबलावर रचल्या आणि बघत बसल्या. दादा असता तर म्हणाला असता, ही काय भाजीची यादी आहे का.

शुक्रवारी त्यांनी फळ्यावर एकच शब्द लिहिला: 'का?'

"कुत्रा आहे हे मला कळलं. सिनेमावाल्यांनी तो का आणला? त्याला खायला घालावं लागतं, शिकवावं लागतं, तो ऐकत नाही. एवढा त्रास कशासाठी घेतला?"

वर्गात चुळबुळ झाली. "गोड दिसतो म्हणून," असं चारपाच जण म्हणाले. मग पुढच्या बाकावरून एक मुलगी उभी राहिली. ही मुलगी प्रत्येक गोष्टीवर वाद घालायची, त्यामुळे वर्गात तिला सगळे वकील म्हणत आणि तीही त्या नावाला ओ द्यायची.

"बाई, पुस्तकात ती मनात बोलते. आजोबा खोकतात तेव्हा तिला काय वाटतं ते लिहिलंय. सिनेमात मनातलं ऐकू येणार नाही. मग तिला कुणाशीतरी मोठ्यानं बोलायला लागणार. आजोबांशी तर ते बोलता येणार नाही."

"मग?"

"म्हणून कुत्रा. कुत्रा म्हणजे तिचं मन आहे."

बाईंनी खडू उचलला आणि तिचं वाक्य जसंच्या तसं फळ्यावर लिहिलं. चांगलं उत्तर आहे हे त्यांना कळत होतं. आपल्याला आनंद व्हायला पाहिजे हेही कळत होतं.

त्यानंतर तास रुळावर आला. बाई दादाकडून ऐकलेलं एकेक वर्गात आणत गेल्या, मात्र कुणाचं आहे ते न सांगता. चेहरा जवळून का दाखवतात, लांबून का दाखवतात, एक चित्र तोडून दुसरं जोडलं की मधलं आपण मनानं कसं भरतो. मग पुस्तकात तेच काम कुठलं वाक्य करतं ते शोधायचं. एकदा त्यांनी पुस्तकातलं अर्धं पान देऊन सांगितलं, यातला एकही शब्द न बोलता हे दाखवायचं असेल तर पडद्यावर काय काय दिसेल ते लिहा. दुसऱ्यांदा उलट केलं: सिनेमातला मिनिटभराचा तुकडा दाखवून तो गोष्टीसारखा लिहायला लावला. पहिल्यांदा आलं, 'मुलगी उदास होती.' बाईंनी सगळ्यांचं 'उदास' खोडलं आणि विचारलं, पडद्यावर उदास असं कुठे लिहिलं होतं? तुम्ही काय बघितलंत? मग आलं, 'तिनं पाणी ओतलं ते पेल्याबाहेर गेलं, तरी ती ओततच राहिली.'

वर्गात एक मुलगा होता, पोपट. सिनेमातले संवाद त्याला तोंडपाठ, म्हणून पोपट. त्याला आजोबांचं एक वाक्य फार आवडायचं: 'फाटक बंद करणारा माणूसच रस्ता उघडतो.' एका मंगळवारी तो तणतणत आला.

"बाई, मी अख्खं पुस्तक वाचलं. दोनदा. ते वाक्य नाहीच आहे."

"नाही."

"मग आजोबा काय बोलतात शेवटपर्यंत?"

"तूच सांग. तू वाचलंस."

पोपट विचारात पडला. "गाडीच्या वेळा सांगतात. आणि जेवलीस का विचारतात." थोडं थांबून म्हणाला, "पण रोज विचारतात."

आयुष्यात पहिल्यांदा एक पुस्तक पुरं वाचलंय, आणि तेही चिडून, हे त्याच्या ध्यानातही आलं नव्हतं.

तीन महिने असे गेले आणि मग तक्रार आली. पोपटच्या वडिलांचं औषधांचं दुकान होतं. त्यांनी मुख्याध्यापिकांना लिहिलं की आम्ही मुलाला शाळेत सिनेमे बघायला पाठवत नाही. मुख्याध्यापिका म्हणाल्या, "मी एक तास येऊन बसते. बघू काय आहे ते." त्या आल्या तो शुक्रवार नेमका नवव्या प्रकरणाचा होता. नवव्या प्रकरणात आजोबा जातात.

मुख्याध्यापिका मागच्या बाकावर वही घेऊन बसल्या. बाईंनी आधी सिनेमा लावला, पण आवाज बंद करून. मुलगी रुळांवरून धावत होती, पाऊस पडत होता, ती पडली, उठली, तोंड वर करून रडली, कुत्रा आकाशाकडे बघत होता. आवाजाशिवाय ते सगळं जरा लांबच वाटलं. दोनतीन मुलं तर हसली. मग तेच आवाजासकट लावलं. व्हायोलिन सुरू झालं आणि हसणारी मुलं गप्प झाली. एका मुलीनं बाहीनं डोळे पुसले.

"काय बदललं?" बाईंनी विचारलं.

"आधी ती रडत होती," वकील म्हणाली. "आता वाजवणारा आपल्याला रडवतोय."

बाईंनी मान हलवली आणि पुस्तक उघडलं. पुस्तकात त्या जागी एकच परिच्छेद होता. त्यांनी तो वाचला. 'आजोबांचा हात तिनं पांघरुणाखाली सरकवला. कंदिलाची काच पुसली, वात कापली. साडेचारची गाडी यायची होती. ती फाटक लावायला गेली.'

"पुढे?" कुणीतरी म्हणालं.

"पुढे दहावं प्रकरण."

वर्गात एकदम कालवा झाला. बहुतेकांचं मत सिनेमाच बरा असं पडलं. पुस्तकातली मुलगी दगड आहे. लेखकाला रडणं लिहिता आलं नाही. तिचं आजोबांवर प्रेमच नव्हतं. वकीलसुद्धा या वेळी त्यांच्याच बाजूनं होती.

"बाई, असं कुणी करतं का? घरातलं माणूस गेलं आणि ही काच पुसते?"

"करतात," बाई म्हणाल्या.

"कोण करतं?"

उत्तर द्यायलाच हवं होतं असं नाही. पुस्तकाकडे बोट दाखवून पुढे जाता आलं असतं. पण प्रश्न सरळ होता आणि उत्तर बाईंना माहीत होतं.

"मी केलं," त्या म्हणाल्या. "माझा भाऊ गेला, मागच्या वर्षीच्या परीक्षेनंतर. मी इस्पितळातून घरी आले. टेबलावर खालच्या मजल्यावरच्यांचा पंखा उघडून ठेवलेला होता. भाऊ तो दुरुस्त करत होता. बशीत स्क्रू होते. मी स्क्रू मोजले, अकरा होते. ते एका पिशवीत घातले, पिशवीवर त्यांचं नाव लिहिलं आणि पंखा आणि पिशवी खाली देऊन आले. मग हात धुतले."

आवाज नेहमीचाच होता. पुस्तकं उशिरा आणणाऱ्यांच्या दंडाची यादी वाचावी तसा.

"मग रडलात कधी?" वकीलनं विचारलं.

"अजून नाही."

मागच्या बाकावर मुख्याध्यापिकांनी पेन खाली ठेवलं. मुलं एकमेकांकडे न बघता समोर बघत होती. मग पोपट म्हणाला, आणि त्यात वात्रटपणा अजिबात नव्हता, "पण बाई, मग तुमचा सिनेमा कसा करणार? काही दिसणारच नाही."

"दिसेल की," मधल्या ओळीतून एक मुलगी म्हणाली. "बशी दाखवायची. स्क्रू."

"व्हायोलिन नको."

"काहीच नको. स्क्रू मोजतानाचा आवाज तेवढा."

"त्यांचा चेहरा दाखवायचा का?"

"नाही," वकील म्हणाली. तिचा आवाज खाली आला होता. "पाठ दाखवायची. जिना उतरताना. हातात पंखा."

बाई फळ्याकडे वळल्या आणि लिहू लागल्या: बशी. स्क्रू, अकरा. मोजण्याचा आवाज. पाठ. मुलं सांगत गेली तसं त्या लिहीत गेल्या. 'पाठ' लिहिताना खडू मोडला. त्यांनी खाली पडलेला तुकडा उचलला आणि त्याच तुकड्यानं पुढचं लिहिलं.

घंटा झाली तेव्हा पोपट दप्तर भरता भरता शेजाऱ्याला सांगत होता, "म्हणजे पुस्तकातल्या तिलापण वाटतंय. फक्त लेखक सांगत नाहीये." शेजारी म्हणाला, "मग दहाव्या प्रकरणात सांगतो का?" पोपट म्हणाला, "नाही सांगत. मी बघितलंय."

मुख्याध्यापिका व्हरांड्यात थांबल्या होत्या.

"वर्गात घरचं बोलायचं नसतं, हे तुम्हाला मी सांगायला नको."

"नको."

"त्या पालकांना मी कळवते, तास अभ्यासाचाच आहे म्हणून. पण प्रत्येक वेळी लेखी काम झालं पाहिजे, वह्या माझ्याकडे आल्या पाहिजेत." त्या दोन पावलं गेल्या आणि परत वळल्या. "सुट्टी हवी असेल तर घ्या. तुमची शिल्लक आहे भरपूर."

"सुट्टीत काय करू?" बाई म्हणाल्या. मुख्याध्यापिकांनी बाईंच्या दंडावर हात ठेवला, क्षणभर, आणि गेल्या.

पालकसभेला औषधवाले गृहस्थ स्वतः आले. बाईंना वाटलं आता भांडतील. त्यांनी खुर्ची ओढली आणि आवाज बारीक करून म्हणाले, "अहो बाई, तुम्ही शिकवताय ते चांगलंच असेल. पण आम्हाला घरात सुखानं सिनेमा बघता येत नाही. हा दर पाच मिनिटांनी थांबवतो आणि आईला विचारतो, हे का दाखवलं सांग. काल तिनं चिडून टीव्हीच बंद केला."

"मग?"

"मग काय. हा पुस्तक घेऊन बसला." गृहस्थांना हे कौतुकानं सांगावं की वैतागून, ते ठरवता येत नव्हतं.

भाषेच्या शिक्षिका सहा महिन्यांनी परत आल्या आणि आपला वर्ग आपल्याकडे घेतला. वार्षिक परीक्षेत सातवीच्या त्या तुकडीनं उतारे बरे सोडवले. फार नाही, पण 'उदास' हा शब्द कमी आला असं त्या शिक्षिका म्हणाल्या. सिनेमाचा तास शनिवारी सकाळी, ज्यांना हवा त्यांच्यासाठी ठेवायचा असं ठरलं. अडतीसमधले अठरा जण येऊ लागले. उरलेल्यांना शनिवारी झोप हवी होती.

बाईंचं म्हणाल तर फारसं बदललं नाही. घरी आल्यावर त्या दिवा लावत, भात टाकत, जेवताना पुस्तक बंदच ठेवत. दादाची अवजारं त्यांनी दुरुस्तीचं काम शिकणाऱ्या शेजारच्या मुलीला दिली. देताना काही वाटलं नाही. लोक म्हणाले, वर्ष झालं की हलकं वाटेल. वर्ष झालं. हलकं वाटलं नाही आणि जडही वाटलं नाही.

पण एका शनिवारी त्या प्रोजेक्टर घ्यायला गेल्या तर केबल जागेवर नव्हती. सहायकानं ती कुणालातरी दिली होती आणि कुणाला ते त्याला आठवत नव्हतं. बाई म्हणाल्या, "वहीत लिहून का ठेवत नाही?" तो म्हणाला, "एवढ्या केबलला काय वही." आणि बाईंचा पारा चढला. पंचवीस वर्षांत त्यांनी शाळेत कुणावर आवाज चढवला नव्हता. त्या दिवशी त्या त्याला पाच मिनिटं बोलत होत्या. केबलबद्दल, वहीबद्दल, वस्तू जिथल्या तिथे ठेवण्याबद्दल. बोलता बोलता कान तापले. सहायक तोंडात मारल्यासारखा उभा होता. थांबल्यावर बाईंना आपल्या छातीची धडधड ऐकू आली आणि त्या जरा गोंधळल्या.

"तुम्ही बसा, बाई," सहायक म्हणाला. "मी आणतो शोधून."

"आणा," त्या म्हणाल्या. मग थोड्या वेळानं, "मी जास्त बोलले."

"चालतं हो."

केबल मिळेपर्यंत वीस मिनिटं गेली. वर्गात अठरा मुलं बाईंची वाट न बघता भांडत होती. पुढचं पुस्तक कुठलं घ्यायचं यावरून दोन तट पडले होते. वकीलचं म्हणणं, या वेळी ज्याच्यावर सिनेमा निघालेलाच नाही असं पुस्तक घ्यायचं आणि सिनेमा आपण लिहायचा. पोपटचं म्हणणं, मग संवाद मी लिहिणार आणि त्यात कुत्रा असेल.

"कशाला कुत्रा?" वकील विचारत होती. "मी सांगतेय त्या पुस्तकात दोन बहिणी आहेत, त्या एकमेकींशी बोलतात."

"सगळं बोलतात का?" पोपट म्हणाला.

बाईंनी प्रोजेक्टर टेबलावर ठेवला, केबल जोडली नाही. खुर्ची ओढून त्या एका बाजूला बसल्या आणि वकील काय उत्तर देते ते ऐकू लागल्या.